टॅनर गल्लीतला चोंबडा

मंगळवार, ६ जानेवारी

आजपासून सगळं तारीखवार लिहून ठेवायचं ठरवलंय. उद्या कुणी विचारलं तर नुसत्या तोंडी सांगण्याला किंमत नसते. विश्वस्त मंडळी कागद मागतात.

नवी क्युरेटर आली. मार्गोट लिंडक्विस्ट, वय चौतीस, ओहायोतल्या कुठल्याशा गावची. फिलाडेल्फियात येऊन तिला जेमतेम अकरा दिवस झालेत. आल्या आल्या "हॅलो बर्नडेट" म्हणाली. मी या लॉकयर घराच्या संग्रहालयात एकतीस वर्षं गाईड आहे आणि हिच्या आईपेक्षा वयाने मोठी आहे. आधीचे क्युरेटर शेवटपर्यंत मला मिसेस कॅरन म्हणायचे.

हिवाळ्यात घर लोकांसाठी बंद असतं. ईस्टरपर्यंत झाडलोट, डागडुजी आणि वस्तूंची मोजदाद. बाईला घर दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी नेहमीची गोष्ट सांगितली: स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांनी शहर घेतलं त्या हिवाळ्यात प्रूडन्स लॉकयर शिंपीण माडीवरच्या खिडकीत शिवत बसायची, चोंबड्यातून गल्लीत शिरणारे लाल डगल्यांचे इंग्रज शिपाई टिपायची आणि मागच्या दाराने अमेरिकन सैन्याला निरोप धाडायची. चोंबडा म्हणजे खिडकीबाहेर लोखंडी दांड्यावर बसवलेले तीन आरसे. दाराशी कोण उभं आहे ते खुर्चीतून न उठता दिसतं. जुन्या गल्ल्यांत अजून पुष्कळ घरांना आहेत.

मार्गोट म्हणाली, "हा आरसा बराच नंतरचा असावा, बर्नडेट."

मी म्हटलं, "मी रोज त्यातून बघते. मला सांगू नका."

मग तिने विचारलं, "या जिन्यावरून दिवसातून किती वेळा चढता?" सहा वेळा, मी सांगितलं. ती काहीतरी टिपून घेत होती. नोव्हेंबरात मी घसरले होते ते हिला कुणी सांगितलं? पायरी ओली होती. आमची दुसरी गाईड ओडेसा म्हणते कोरडी होती, पण ती तेव्हा खाली होती.

मंगळवार, २० जानेवारी

पाणी कुठेतरी मुरतंय. मी माडीवर गेले तर स्टॅश माझ्या खिडकीचा कोपरा टेपने मोजत होता आणि मार्गोट शेजारी उभी. मी दिसताच दोघं गप्प. स्टॅश म्हणजे आमचा सुतार, बॉयलरवाला, सगळंच. पोर्ट रिचमंडचा पोलिश माणूस, दिवसाला दहा शब्द बोलतो. त्यातले आठ बॉयलरला.

"काय मोजतोयस रे?"

"खिडकी."

"ती काय वाढली का?"

"नाही," म्हणाला, आणि टेप खिशात टाकून निघून गेला.

त्या कोपऱ्यात माझी खुर्ची आहे. घराची नाही, माझी. आईच्या स्वयंपाकघरातली. पहिल्या वर्षी मी ती केन्सिंग्टनच्या घरून ट्राममध्ये घालून आणली, कारण घरातल्या बाकी खुर्च्यांवर बसायची कुणालाच परवानगी नाही. त्या प्रत्येक खुर्चीवर मी एकेक वाळलेलं काटेरी बोंड ठेवते. दर ऑक्टोबरला रेल्वे रुळांच्या कडेने तोडून आणते. पूर्वी पाट्या होत्या. पाटी वाचायला माणूस थांबतो कुठे? काटा दिसला की मात्र बूड आपोआप वर राहतं. शहरातल्या आणखी दोन संग्रहालयांनी माझं बघून हे सुरू केलं, नाव कुणी घेतलं नाही.

गुरुवार, २९ जानेवारी

मार्गोटने मला टेबलापाशी बसवून चार पत्रं दाखवली. लोकांच्या तक्रारी. एक शहराच्या उत्तर भागातल्या शाळेच्या मास्तरणीची: "बावीस मुलांना घेऊन वीस मिनिटं थंडीत उभी होते. वरच्या खिडकीतल्या बाई आम्हाला पाहत होत्या. त्यांनी दार उघडलं नाही."

मला आठवतं. दोन पोरं एकमेकांना टोप्यांनी बडवत होती आणि एक मुलगी भिंतीला टेकून चीज-स्टेक खात होती. आत काचेचं कपाट आहे. दार उघडायचं की नाही ते मीच ठरवायचं असतं, नाहीतर चोंबडा हवा कशाला?

"तुम्ही त्यांना पाहिलं होतं?" मार्गोटने विचारलं.

"त्या म्हणतात तसं असेल," मी म्हटलं.

मला वेगळीच शंका आहे. मी बघत होते हे त्यांना कळलं कसं? मी खिडकीपासून हातभर आत बसते. खालून कुणी मान वर केली तरी त्याला छत दिसेल, मी कशी दिसेन? मी काही तिथे उभी राहून बघितलेलं नाही, आम्ही गाईड मंडळी परसदारानेच येतो-जातो. पण डोकं चालवलं की कळतं. म्हणजे घरातलंच कुणीतरी फितूर आहे. नाहीतर ही पत्रं मार्गोटनेच लिहिलीत. अक्षर चारही पत्रांत वेगळं आहे, पण शिकलेल्या बायकांना काय अशक्य.

मंगळवार, १० फेब्रुवारी

ओडेसाने आज माझा जुना फोटो मागितला. ओडेसा टेट ही माझ्यासोबतची गाईड. पोस्टातून निवृत्त झाल्यावर आली, त्यालाही बारा वर्षं झाली. माझी एकुलती एक मैत्रीण, असं मी कालपर्यंत लिहिलं असतं.

"तू इथे लागलीस त्या सालचा फोटो दे. निळ्या झग्यातला."

"कशाला?"

"आमच्या चर्चच्या कॅलेंडरला."

"तुमच्या बॅप्टिस्ट कॅलेंडरवर माझ्यासारखी आयरिश कॅथलिक? कोणत्या महिन्यात घालणार?"

"मार्चमध्ये," ती म्हणाली, "वाऱ्यावादळाचा महिना म्हणून. देतेस की नाही, अगं?"

दिला. पण ती खोटं बोलताना चष्मा पुसते, आणि आज तिने दोनदा पुसला.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

माझा चहाचा कप सापडत नव्हता. हिरव्या काठाचा, कान तुटून चिकटवलेला. आज मार्गोटच्या टेबलावर दिसला, दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधलेला. उलटा केला तर बुडाला लाल शाईने बारीक नंबर!

इथल्या प्रत्येक वस्तूच्या बुडाला असा नंबर असतो. एकदा नंबर पडला की वस्तू घराची. मग ती बाहेर नेली तर चोरी, मग नेणारा कुणी का असेना. हे मी नव्या गाईडना पहिल्याच दिवशी शिकवते. आणि या बाईने माझा कप घराच्या नावावर केला! कानामागून आली नि तिखट झाली. उद्या माझ्या बुटांना नंबर घालेल.

 कागदी पेल्यातून चहा प्यायले आणि तिच्याकडे बघत राहिले.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

आज जे ऐकलं ते शब्दाला शब्द लिहिते. मार्गोट फोनवर होती, मी जिन्यात.

"कात्री प्रूडन्सची नाहीच. निदान शंभर वर्षांनंतरची आहे. मी ती कपाटातून काढतेय." मग थोडं थांबून, "खुर्ची पुढच्या महिन्यात रिकामी व्हायला हवी. तिला कसं सांगायचं तेच कळत नाही मला."

तिला म्हणजे मला. हे कळायला ओहायोतून शिकून यावं लागत नाही.

मला काढतील, हे एक वेळ सोसेन. सोसणार नाही, खरं तर. माझा नवरा रे गेल्यापासून सकाळी उठून जायला हीच एक जागा आहे मला. पण कात्री? चांदीच्या मुठीची प्रूडन्सची कात्री बघायला लोक टेक्सासहून येतात. ही कपाटातून काढणार आणि कुणाला तरी विकणार. तिच्या हाताला लागण्याआधी ती सुरक्षित जागी हलवणं भाग होतं. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहेच. सकाळचे जाडं मीठ लावलेले प्रेट्झेल ज्या कागदी पिशवीत आणले होते, त्यातच कात्री घालून घरी आणली. साखरेच्या डब्यात आहे.

ही चोरी नाही. ही राखण आहे.

मंगळवार, ३ मार्च

मोजदाद झाली. कात्री नाही म्हणताच मार्गोट पांढरी पडली. वा, काय नाटक! विश्वस्तांपैकी दोघं आले. सगळ्या किल्ल्या कुणाकडे असतात, म्हणून विचारलं. स्टॅशकडे.

स्टॅशने कमरेची जुडी सोडून टेबलावर ठेवली. चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणाले. तो दाराशी थांबला आणि मला म्हणाला, "बॉयलरला दर दोन तासांनी पाणी बघ." एवढंच.

मला वाईट वाटलं. पण आता बोलले तर कात्री पुन्हा हिच्या तावडीत जाणार.

शुक्रवार, ६ मार्च

बॉयलर बंद पडला. गारठ्याने घरात श्वासाची वाफ दिसतेय. मी पाणी बघितलं होतं, पण कुठला नळ ते मला कुठे माहीत. ओडेसा दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचा, शुक्रवार म्हणून फिश केक आणले होते, ते माझ्या एकटीच्याने संपले नाहीत.

स्टॅशची बायको आजारी असते. औषधं त्याच्या नोकरीच्या विम्यावर मिळतात. हे मला आजच का आठवावं?

रविवार, ८ मार्च

ओडेसा पेपर-पॉट सुपाचं पातेलं घेऊन घरी आली. आम्ही सूप प्यायलो. मग तिने चहा टाकला आणि साखरेच्या डब्याला हात घातला.

"त्याला नको!" मी ओरडले. "मुंग्या झाल्यात."

"मार्चमध्ये मुंग्या?"

"केन्सिंग्टनच्या मुंग्या आहेत. त्यांना थंडी वाजत नाही."

तिने हात मागे घेतला. बिनसाखरेचा चहा प्यायली, जी बाई तीन चमचे घेते. चष्मा पुसला नाही. निघताना म्हणाली, "उद्या सकाळी आठ ते नऊ घरात कुणी नसणार आहे. मंगळवारी मोजदाद पुन्हा होईल. मार्गोटने हे मुद्दाम तुला सांगायला सांगितलंय."

"मलाच का?"

"ते तुझं तू बघ, बर्नी. मला फक्त एवढंच माहीत आहे की स्टॅश चोर नाही."

सापळा. सरळ सरळ सापळा आहे. ओडेसासुद्धा तिला सामील.

सोमवार, ९ मार्च

गेले. सापळा असो नाहीतर काही असो, रात्रभर मला स्टॅशची किल्ल्यांची जुडी दिसत होती.

आत शिरल्यावर आधी माझ्या खुर्चीत बसून चोंबड्यातून गल्ली बघितली. माझा अंदाज बरोबर होता. गल्लीच्या तोंडाशी मार्गोट कॉफी घेऊन उभी होती. पण घराकडे पाठ करून! त्या गारठ्यात तासभर तशीच. पाळत ठेवायची तर तोंड इकडे करून उभं राहायला हवं, एवढंही या बाईला कळत नाही. तिचा मूर्खपणा माझ्या पथ्यावर पडला. कात्री कपाटात ठेवली आणि परसदाराने बाहेर पडले.

मंगळवार, १० मार्च

कात्री "सापडली". मार्गोट विश्वस्तांसमोर म्हणाली, "चूक माझी. मी मोजताना नीट पाहिलं नव्हतं." मी लगेच टिपून घेतलं: निष्काळजीपणा स्वतःच्या तोंडाने कबूल.

त्यानंतर ती तासभर भिंग लावून मऊ ब्रशने कात्री पुसत बसली. काय पुसत होती? पुरावा, दुसरं काय.

स्टॅश दुपारी परत आला. किल्ल्या कमरेला लावल्या, बॉयलरपाशी जाऊन त्याच्याशी काहीतरी पोलिशमध्ये बोलला. मला फक्त मान हलवली.

संध्याकाळी मार्गोट म्हणाली, "वरच्या खोलीत काम काढलंय, बर्नडेट. उघडायच्या दिवसापर्यंत तुम्ही घरी विश्रांती घ्या. गुडघा शेकवा." गुडघ्याचं हिला कुणी सांगितलं?

शनिवार, १४ मार्च

ईस्टरआधीचं कन्फेशन, पापांची कबुली, उरकलं. फादरना सांगितलं, मी लोकांवर संशय घेते. ते म्हणाले, अजून काही? मी म्हटलं, नाही. कात्रीचं सांगण्यासारखं नव्हतं, ते पाप नव्हतंच. फादरनी जाळीपलीकडून तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यांनाही कुणीतरी काहीतरी सांगितलेलं दिसतंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मी चोर नाही.

मंगळवार, ७ एप्रिल

आज घर उघडलं. 

परसदाराला नवं कुलूप होतं. अंगणात फरशीचं काम, आत जायला वाट नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मी गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराशी उभी राहिले. घंटा वाजवली. कुणी येईना. मान वर केली.

चोंबड्यात ओडेसा दिसली. तिचा चष्मा, कपाळावरची आठी, पिवळ्या स्वेटरचं वरचं बटण, सगळं. ती मला बघत होती. मी तिला बघत होते. ती हसली आणि हात हलवला.

तेवढ्यावरून मला कळलं. आरसा जसा तिकडून दाखवतो तसाच इकडूनही दाखवतो, आणि ही गोष्ट या गल्लीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असणार. एकतीस वर्षं मी ज्यांना दार उघडलं नाही, त्या सगळ्यांनी मला बघितलं होतं. मी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळताना आणि मग नजर काढून घेताना. त्या बावीस पोरांनीही. कुणी फितूर नव्हतं. मला इतकी लाज वाटली की घंटेवरचं बोट काढायचं राहून गेलं, आणि ओडेसा धावत खाली आली. "अगं पुरे! मेलेलीसुद्धा उठतील!"

जिना चढताना तिने माझा हात धरला. मी धरू दिला.

वर माझ्या कोपऱ्याभोवती दोरी होती. आत आईची खुर्ची. खिडकीच्या कट्ट्यावर माझा हिरव्या काठाचा कप. भिंतीवर निळ्या झग्यातली मी. आणि खुर्चीवर, बरोबर मधोमध, काटेरी बोंड. माझंच, ऑक्टोबरात तोडलेलं. खाली पाटी: "बर्नडेट कॅरन यांनी एकतीस वर्षं या खिडकीत बसून या घराची गोष्ट सांगितली."

मार्गोट दाराशी उभी होती. तिला आत यायचा धीर होत नव्हता.

"मेलेल्या माणसांच्या खुर्च्यांवर काटा ठेवतो आपण," मी म्हटलं.

"माहीत आहे. मी तो चार वेळा ठेवला आणि चार वेळा उचलला." तिने चौकट धरली. "मिसेस कॅरन, तुम्ही त्या जिन्यावरून पुन्हा पडलात तर मी काय करू? तीन महिने सांगायचा प्रयत्न करतेय. मला तुमची भीती वाटते."

आजवर मला कुणी हे तोंडावर सांगितलं नव्हतं. मला रडू आलं, आणि रागही आला, आणि यातलं आधी काय आलं ते आत्ताही सांगता येणार नाही.

खाली स्टॅश दाराची बिजागरी घट्ट करत होता. मी त्याच्यापाशी गेले. "स्टॅश, ती कात्री मी—"

"कात्रीच्या खिळ्यात मीठ अडकलं होतं," तो मान वर न करता म्हणाला. "जाडं. मार्गोटने तासभर बसून कण कण काढलं, लोखंड खाऊ नये म्हणून. मला म्हणाली, कसलं मीठ असेल हे? ओहायोची आहे बिचारी, तिला खरंच कळलं नसेल. मी म्हटलं, समुद्राची हवा."

"समुद्र साठ मैलांवर आहे."

"ती पण हेच म्हणाली. मग आम्ही दोघंही गप्प बसलो."

स्टॅशला एका दमात एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी माफी मागितली. त्याने स्क्रू फिरवत मान हलवली आणि म्हणाला, उद्या येताना दोन प्रेट्झेल जास्त आण.

माझी नवी जागा खाली, दाराच्या आतल्या अंगाला. खुर्ची गादीची आहे. मार्गोटने स्वतः निवडली म्हणे, रंग शेवाळी, मला मुळीच आवडला नाही. तिथे आरसा नाही. घंटा वाजली की उठायचं आणि उघडायचं. पलीकडे कोण आहे ते उघडल्यावरच कळतं.

दहाला पहिली घंटा वाजली. सवयीने माझी नजर वर गेली, छताकडे. मग उघडलं.

पायरीवर एक उंच मास्तरीण होती आणि तिच्या मागे रांगेत पोरं. दोघं टोप्यांनी एकमेकांना बडवत होती. मार्गोटनेच त्यांना पत्र पाठवून बोलावलं असणार. पहिल्याच दिवशी, पहिल्याच वेळेला. यातही तिचा काहीतरी डाव आहे.

मास्तरणीने माझ्याकडे नीट निरखून बघितलं. चेहरा ताठ झाला.

"तुम्हीच ना त्या? वरच्या खिडकीतल्या?"

मागे मार्गोट येऊन उभी राहिली होती. पायरी ओली होती, असं म्हणायची मला सवय आहे. जिभेवर तसंच काहीतरी आलं होतं.

"हो, मीच," मी म्हटलं. "तुम्ही सगळे मला दिसला होतात. आता मी खाली असते. आत या, बाहेर गार आहे."